पोळ्याच्या सकाळचं रक्त

कमी खाऊन अंगाने जास्त भरणारा बैल रक्तातल्या प्रथिनांवरून ओळखता येईल का, या एकाच प्रश्नामागे आमची परभणीची मधुमती इंग्लंडमधल्या रेडिंगजवळच्या संशोधन फार्मवर राबत होती. तांबड्या बैलावर तिची सगळी आशा होती. २००६ च्या पोळ्याला सकाळी त्याचं रक्त उपाशीपोटी घ्यायचं होतं. ती पोहोचली, तर पाहुण्या आलेल्या सासूबाई त्याच्यापुढे डबा धरून उभ्या.

"अहो आई, काय भरवलंत?"

"पुरणपोळी. सणाला बैल उपाशी ठेवतेस? माहेरी हेच शिकवलं का गं?"

घरचं अन्न जनावरांना द्यायला इथे बंदी. बैल प्रयोगातून बाद झाला. मधुमतीने सुई परत ठेवली.

"मग आता मोकळा ना तो?" सासूबाईंनी हौसेने विचारलं.

मांसासाठी पोसलेला तो बैल आता कत्तलखान्यात जाणार, हे तिने नोंदवहीत इंग्रजीत लिहिलं.