मावसाजींच्या चार कवड्या

आमच्या मावसाजींइतका संशयी माणूस अख्ख्या गोंदिया जिल्ह्यात दुसरा नसेल, आणि असलाच तर त्याच्यावरही मावसाजींनी पाळत ठेवली असेल. बिरसीला त्यांचं धानाचं शेत आहे. तिथल्या धावपट्टीवरून विमान चालवायला शिकणारी पोरं त्यावरून रोज घिरट्या घालतात. गावाला त्याची सवय झाली, पण मावसाजी अजून डोळे बारीक करून वर बघतात. "माह्याच बांधीवरून काऊन जाऊन राहिला हा?" जावई पाया पडायला वाकला तर आधी स्वतःचा खिसा चाचपतात.

कचारगडच्या जत्रेत त्यांनी खेळायला चार कवड्या घेतल्या, तेव्हा मी सोबत होतो. प्रत्येक कवडी त्यांनी दातांनी चावून, कानाशी हलवून, फेकून पाहिली. दुकानदाराने कंटाळून सांगितलं की हे समुद्रातल्या गोगलगायीचं घर आहे.

"मंग गोगलगाय कोठी गेली?"

"मर गई, काका."

"म्हणजे आतला माल तुम्ही ठेवला, आन टरफल मले देऊन राहिले," असं ऐकवूनच त्यांनी त्या पिवळसर कवड्या खिशात टाकल्या.

मग घरच्या छपरीत खडूने पट आखून डाव सुरू झाले. तोंड वर पडलेली कवडी म्हणजे एक घर, आणि चारही पालथ्या पडल्या की आठ. मावसाजी समोरच्याला बाह्या वर करायला लावत. मला लागोपाठ आठ पडले तेव्हा त्यांनी लोटाभर पाणी ओतून जमिनीचा उतार तपासला. हळूहळू सगळ्यांनी खेळणं सोडलं. उरली एकटी मावशी, आणि तिच्यावर त्यांची नजर सर्वांत कडक.

गेल्या वर्षी मावशीला लकवा झाला, उजवा हात गेला. बोटं हलवत राहिलात तर हात परत येईल, नाही तर गेला तो गेलाच, असं डॉक्टर म्हणाले. मावशी भिंतीकडे तोंड करून पडून राहायची, कुणी हाताला हात लावलेला चालायचा नाही. शेवटी मावसाजींनी पट तिच्या खाटेवरच मांडला. पण हरली की ती हात पदराखाली लपवायची आणि दिवसभर बाहेर काढायची नाही.

दिवाळीत मी गेलो तेव्हा डाव अटीतटीला आला होता. मावशीने कवड्या सोडल्या. तीन पालथ्या, एक उताणी. तिने आमच्याकडे पाहिलं आणि उजव्या हाताचं बोट सरकवत त्या चौथीखाली घातलं. बोट निसटलं. तिने पुन्हा घातलं. मावसाजींनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्याने पुसायला घेतला. ते पुसतच राहिले. कवडी एकदाची पालथी झाल्यावर त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

"आठ पडले काय?"

"पडले," मावशी म्हणाली. किती दिवसांनी ती हसताना दिसली.

छपरीत आल्यावर मला राहवलं नाही. "मावसाजी, मावशीने कवडी उलटवली."

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. या माणसाबद्दल इतकी माया मला कधीच वाटली नव्हती.

"कालवरी हलत नव्हतं ते बोट," ते हळूच म्हणाले. "तू कोणाले सांगजो नोको."