वामनराव आहेत का?

कुंदाताई माझ्याशी शेवटचं बोलली ती माझ्या सासऱ्यांची चौकशी करून. रविवारची दुपार होती, मी पांढुर्ण्याच्या घरी ओट्यावर तूर निवडत बसले होते आणि मोबाइल वाजला. ती नागपूरच्या दवाखान्यात होती. "वामनराव आहेत का?" तिनं विचारलं. आवाज पार खोल गेलेला, पण त्यात जुना खट्याळपणा होता. मीही सवयीनं म्हणाले, "नाहीत." तिनं फोन ठेवला. मंगळवारी सकाळी तिच्या मुलीचा फोन आला, की आई पहाटे गेली... वामनराव म्हणजे कुंदाताईचे वडील. त्यांना जाऊन पन्नास वर्षं होत आली, मी तर त्यांना फोटोतच पाहिलं. मग मरणाच्या दारातली ही बाई त्यांना फोनवर का विचारत होती, हे सांगायचं तर बरंच मागे जावं लागेल.

मी मूळची सौंसरची आणि मुळातच भित्री. ऐंशी सालानंतर लवकरच लग्न होऊन पांढुर्ण्याला आले, तेव्हा कुंदाताई, माझी नणंद, नागपूरला नोकरी करून बास्केटबॉल खेळत होती. वयानं माझ्याच बरोबरीची, उंचीला मात्र माझ्यापेक्षा हातभर जास्त. घरात शिरताना तिला प्रत्येक चौकटीत वाकावं लागे. तिचा संघ एकदा परदेशात खेळायला गेला आणि तिथं इटलीतल्या एका लहानशा गावातल्या क्लबवाल्यांनी तिला पाहिलं. आमच्याकडून खेळ, पगार देऊ, म्हणाले. गल्लीत महिनाभर दुसरा विषय नव्हता. "खेळाचा बी पगार राह्यते का?" असं शेजारणी मलाच विचारत, जणू मीच तो देणार होते. कोणी म्हणे, पोरीची जात, गोऱ्या लोकांत एकटी, काही झालं तर कोण पाहील? हा प्रश्न मात्र मलाही पडे.

सासूबाईंचं भय निराळं होतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव समोरासमोर उभे राहून एकमेकांवर दगड फेकतात, ती गोटमार. सासरे दगड हातात घेणाऱ्यांतले नव्हतेच. ते नुसते काठावर बघत उभे होते. कुठून तरी एक आला, कानशिलावर बसला, आणि संध्याकाळी माणूस गेला. कुंदाताई तेव्हा शाळेत होती. तेव्हापासून घरातलं माणूस उंबऱ्याबाहेर पडलं की सासूबाईंचा जीव टांगणीला. भाजी आणायला गेलेला मुलगासुद्धा परत येईपर्यंत त्यांना गेल्यासारखाच वाटे. त्यांची मुलगी आता समुद्रापार धक्काबुक्कीचा खेळ खेळायला निघाली होती, आणि निघाली तीही पोळ्याच्याच आठवड्यात.

जायच्या आदल्या दिवशी कुंदाताईनं तोड काढली. गल्लीत फोन एकच, समोरच्या किराणा दुकानात. शेठजी भले गृहस्थ, खांद्यावर कायम दुपट्टा. त्या काळी ठरावीक माणसालाच बोलवून देणारा कॉल असे, त्याला पीपी कॉल म्हणत. तो माणूस जागेवर नसला तर कॉलचे पैसे पडत नसत. "माय, दर इतवारी मी असा कॉल लावीन," कुंदाताई म्हणाली. "ऑपरेटरले बाबाचं नाव सांगीन. शेठजी म्हनतीन, नाही आहेत. तू समजून घेजो का पोरगी बरी आहे."

"आन बरी नसली तं?" सासूबाईंनी विचारलं.

"मंग तुहं नाव सांगीन. तवा तू येजो बोलाले."

सासूबाई म्हणाल्या, "म्हंजे माहं नाव निंघालं का समजाचं, वाईट झालं." आणि खरंच, त्या दिवसापासून त्यांना स्वतःच्या नावाची धास्ती बसली. एकदा शेठजींनी गुळाचा भाव सांगायला नुसतं "गंगाबाई!" म्हणून हाक मारली, तर त्यांच्या हातातलं सूप खाली पडलं. पुढे मी शेठजींना जाऊन सांगितलं, की सासूबाईंना नावानं हाक मारू नका. ते बिचारे "माताजी" म्हणू लागले.

तर अशा आमच्या रविवारच्या दुपारी सुरू झाल्या. जेवणं उरकली की सासूबाई ओट्यावर, त्यांच्या मागे मी. घंटी वाजे. शेठजी फोनमध्ये ओरडत, "वामनराव? नहीं हैं, नहीं हैं." मग ते दुकानाच्या पायरीवर येत आणि आमच्याकडे बघून दुपट्टा झटकत. ही आमची खूण. दुपट्टा झटकला की सासूबाई सुस्कारा सोडत आणि मी आत जाऊन चहाला आधण ठेवी. पहिल्या रविवारी त्या रडल्या होत्या. "जो गेला त्याले इचारते, तवा कुठं समजते का पोरगी जिती आहे," म्हणाल्या. नंतर त्याचीही सवय झाली. घंटी वाजण्यापासून दुपट्टा झटकेपर्यंतचा वेळ मात्र कधीच सवयीचा झाला नाही. त्या तेवढ्या वेळात माझ्या मनात काय काय येई, ते मी आजही कागदावर उतरवणार नाही. एका रविवारी लाइनच बंद होती, घंटी वाजली नाही. दिवे लागले तरी सासूबाई ओट्यावरून उठल्या नाहीत. सोमवारी कॉल आला तेव्हा शेठजींनी दुपट्टा असा झटकला, की तो नालीत पडला.

उन्हाळ्यात कुंदाताई आली. स्टेशनवरून घरापर्यंत हळूहळू चालत होती. गाडीत पाय आखडला, म्हणाली. रात्री मी पाट मांडले, ताटं वाढली. सगळे बसले, ती उभीच. "मी खिडकीपाशी जेवतो, हवा आहे," असं म्हणत ताट उचलायला वाकली आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. गुडघा दुमडतच नव्हता. सासूबाईंनी हातातला घास खाली ठेवला.

"कवापासून?"

"दिवाळीपासून," कुंदाताई खाली मान घालून म्हणाली.

दिवाळीपासून. म्हणजे सगळा हिवाळाभर ती तिकडं लंगडत होती आणि आम्ही इकडं वामनरावांच्या नावावर निर्धास्त चहा पीत होतो.

पुढे मी बाळंतपणाला सौंसरला गेले, तिथं ती मला भेटायला आली. खाटेवर पाय लांब करून बसली आणि तेव्हा सगळं बोलली. "वैनी, मले लई भेव लागे वं. त्यायची भाषा समजे नाही. खोलीच्या दाराले खुर्ची लावून झोपत जाओ. आन गुडघ्याचं समजलं असतं, तं दुसरी आणली असती त्यायनं, मले वापस पाठोलं असतं. मंग पट्टी बांधून, वरून लांब मोजा घालून खेळो." मी म्हटलं, मग मायचं नाव का नाही सांगितलं? ती हसली. "सांगतच होतो ना एक डाव. ऑपरेटर इचारे, कोनाले बोलवू? तोंडात मायचं नाव आलं. मंग आठोलं, माय ओट्यावर बसली असन... बाबाचंच सांगतलं." मी इतके दिवस तिला निर्भय समजत होते. ती माझ्याहून भित्री निघाली. फरक इतकाच, की मी भिऊन घरात बसले आणि ती भिऊन खेळत राहिली.

पोळा झाला आणि ती पुन्हा गेली, करार बाकी होता. सासूबाई अडवतील असं वाटलं होतं, त्यांनी अडवलं नाही. रविवारी जेवणं झाल्यावर त्या पुन्हा ओट्यावर येऊन बसल्या. शेठजींनी दुपट्टा झटकला. सासूबाईंनी तसाच सुस्कारा सोडला. मला राहवलं नाही. "माय, हे खरं कशावरून? मागच्या सालीही असंच सांगत होती."

त्या म्हणाल्या, "खोटं बोलाले बी जीव लागते ना, बाई. बोलून राहिली म्हंजे आहे."

दोन वर्षांनी कुंदाताई कायमची परतली. गुडघा कधीच पुरता वळला नाही. तशा पायानं तिनं नागपूरला कित्येक वर्षं मुलींना खेळ शिकवला, संसार केला. सासूबाई गेल्या. घरात फोन आला, मग हातात आला. फोन फुकटासारखा झाला तरी रविवारी ती आधी वामनरावांना विचारायची, मी नाहीत म्हणायची, आणि मग आम्ही तासभर गप्पा मारायचो. त्या शेवटच्या रविवारी गप्पा झाल्या नाहीत. ती बरी नाही, हे मला ठाऊक होतं, मला ठाऊक आहे हे तिलाही ठाऊक होतं. तरी फोन ठेवल्यावर मी सुस्कारा सोडला. बोलली म्हणजे आहे...

शेठजी केव्हाच गेले. दुकानावर आता त्यांचा मुलगा बसतो, तोही म्हातारा झाला. त्याला आमची खूण ठाऊक असायचं कारण नाही. परवा रविवारी दुपारी मी ओट्यावर बसले होते. कणकीचं पोतं उतरवून तो पायरीवर आला आणि माझ्याकडे बघत त्यानं खांद्यावरचा दुपट्टा झटकला. माझ्या छातीवरचं ओझं एकदम उतरलं. मी उठले, आत गेले आणि चहाला आधण ठेवलं. पाण्याला उकळी आली तेव्हा आठवलं.