घोडीच्या तोंडातलं लोखंड

तेलंगणातल्या तलमडुगूजवळच्या आमच्या मळ्यावर घोडी आली ती नवऱ्याच्या हौसेपायी. भाजीच्या धंद्यात तिचा काही उपयोग नव्हता. पहिल्याच महिन्यात ती बुजून उधळली, आणि त्याच्या खांद्याचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण पुन्हा रिकिबीत पाय घालायचा आणि लगेच काढून घ्यायचा. त्याची भीती मला दिसायची.

मग त्याने मोबाइलवर परदेशी घोडेस्वारांचे व्हिडिओ पाहून लांब दांड्यांचा वेस्टर्न लगाम मागवला. हातातली वादी जराशी ओढली की दांड्यांमुळे तोंडातलं लोखंड जोरात दाबायचं, आणि घोडी जागच्या जागी उभी. तो खूश होता. आठवडाभरात मात्र लगाम दिसला की ती मान वर करून मागे सरकू लागली. एका सकाळी तिने कडब्याला तोंडच लावलं नाही. लाळेत रक्त होतं.

"तुमी तिचं तोंड कधी उघडून पाह्यलं का?" मी विचारलं.

"नाई ओढलं तं थे मले पाडते ना!" तो ओरडला, आणि मग खालीच बसला. मला राग आला होता, तो तिथेच ओसरला.

गुरांचे डॉक्टर आले. ते तेलुगू, आमच्याशी हिंदीत बोलत. घोडीची जीभ कापली होती. मागची एक दाढ धारदार होऊन गालात रुतत होती. त्यांनी लगामाचं लोखंड नवऱ्याच्या नडगीवर टेकवलं आणि दोन्ही वाद्या हळूच ओढल्या. तो कळवळला.

"मैंने इतना ही खींचा," डॉक्टर म्हणाले. "लगाम बुरा नहीं है. सीखे हुए हाथ का है. आपका हाथ अभी डरता है."

त्यांनी दाढेची धार कानशीने घासून काढली, तीन आठवडे तोंडात काहीच घालू नका म्हणाले. नंतर आम्ही साधा लगाम आणला: गुळगुळीत, मधे सांधा, बाजूला नुसत्या कड्या, दांड्या नाहीत. ओठाच्या कोपऱ्याला एखादी सुरकुती पडेल इतकाच वर बांधायचा, हेही डॉक्टरांनीच शिकवलं.

"तू संगं चाल," पहिल्या दिवशी नवरा म्हणाला. मी शेजारच्या कपाशीच्या धुऱ्याने, बांधावरून, घोडीच्या बाजूने चालत राहिले. तो वादी बोटांनी धरायचा, ती थांबली की लगेच सैल सोडायचा. महिनाभर आम्ही एवढंच केलं.

आता तो एकटा जातो, पण सावकाश. गावातलं कुणी विचारतंच, "घोडी पळवत काऊन नाई?"

"मले भेव वाटते," तो सरळ सांगतो.