खाजामियाँच्या जीपचं डावं दार

खाजामियाँ रोज सकाळी जीप काढण्याआधी तिची दारं तीन-तीनदा उघडून लावतात. आधी स्वतःच्या बाजूचं, मग बाकीची. बिजागरी जरा कुरकुरली की तेलाची बाटली बाहेर. सास्तूरच्या शाळेत मी कारकून आहे. नवे शिक्षक हे ऐकून हसतात, जुने हसत नाहीत.

खाजामियाँ आता साठीला आले आहेत. त्र्याण्णवच्या भूकंपाच्या पहाटे ते अठ्ठावीस वर्षांचे होते आणि बाहेर ओट्यावर झोपले होते. भिंत खचली, चौकट तिरकी झाली आणि दार तिच्यात गच्च बसलं. आतून धाकटी बहीण हाका मारत होती. लोक पहार घेऊन येईपर्यंत ते दार ओढत होते. दार निघालं तेव्हा हाका थांबल्या होत्या. इतक्या वर्षांत त्यांनी हे मला एकदाच सांगितलं. पुढे शेतातल्या वस्तीवर त्यांनी घर बांधलं, त्यात आतल्या खोल्यांना पडदे आहेत, दारं नाहीत.

वस्ती आणि गाव यांच्यामध्ये ओढा आहे. पाऊसकाळात पाणी कधी चढेल सांगता येत नाही, आणि चढलं की तिथून फक्त जीप पार होते. सातवीत शिकणारी नात अलिजा आणि शेजारची दोन मुलं, शंभू आणि निकिता, खाजामियाँ आपल्या जुन्या जीपमधून शाळेत आणतात. पूर्वी त्या जीपला दारंच नव्हती. दोन वर्षांपूर्वी शंभू वळणावर घसरता घसरता वाचला, तेव्हा शाळेनं अट घातली की दारं बसवा आणि रहदारीच्या बाजूचं, म्हणजे उजवीकडचं मागचं दार कायमचं बंद ठेवा. खाजामियाँनी दारं बसवली. त्यानंतर आठवडाभर त्यांना धड जेवण गेलं नाही, असं त्यांच्या बायकोकडून, बेगमबींकडून कळलं.

यंदा जूनमध्ये ओढ्यातल्या एका दगडानं दाराखालचा पत्रा चेपला. ते कलीमकडे धाराशिवला निघाले आणि सोबत मलाही घेतलं. कलीमच्या वेल्डिंगच्या दुकानात जीपच्या बगलेला लावायचे दोन प्रकार ठेवलेले होते. एक जाड चौकोनी पाइप, काळा, दिसायला ओबडधोबड. तो गाडीच्या खालच्या सांगाड्याला, चेसीला, तीन ठिकाणी पकडायचा आणि पत्र्यापासून दोन बोटं दूर ठेवायचा. दुसरं रुंद, चकचकीत पायदान. ते दाराखालच्या पत्र्यालाच बोल्टनं बसतं.

"चाचा, तुमच्या ओढ्याला हा पाइप घ्या," कलीम म्हणाला. "दगडावर गाडी बसली तरी वजन चेसीवर जातंय. दाराला धक्का न्हाय."

"यावर पाय ठिवून पोरं पटकन उतरतील का?"

"उंच हाय थोडा."

"मग नक्को. काय झालं तर पटकन बाहेर पडता यायला पायजे. हे रुंद लाव. आन चार बोटं खाली घे, निकिताचा पाय पुरत न्हाय."

"चाचा, खाली घेतलं की दगड आधी त्यालाच लागंल. हे पायदान हाय, ढाल न्हाय."

"चेसीला भोकं पाडायची न्हायत. तू लाव म्हणलं ना."

बाहेर पडायला सोपं, हे मलाही पटलं होतं. कलीमनं मान हलवली आणि बोल्ट आवळायला घेतले.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात शिष्यवृत्तीच्या अर्जांवर पालकांच्या सह्या घ्यायला मी पहाटेच चालत वस्तीवर गेलो होतो. तेव्हा ओढा घोट्याएवढा होता. परतताना मुलांबरोबर जीपमध्ये बसलो. मी पुढे डावीकडे, तिघं मागे. तासाभरात पाणी वाढून गढूळ झालं होतं आणि दगड दिसेनासे झाले होते. मध्यावर पुढचं डावं चाक एका दगडावरून घसरलं. पायदान खालच्या खडकावर आदळलं. लोखंड चिरडल्याचा आवाज आला, जीप डावीकडे कलली आणि थांबली. माझ्या पायाखालून पाणी आत येऊ लागलं.

मी दार ढकललं. हललं नाही. खांद्यानं ढकललं, तरी नाही. मागे शंभू ओरडला, "उघडंना! भाऊसाहेब, हे पण उघडंना!" पायदान वर दुमडलं होतं, त्यानं पत्रा वर दाबला होता आणि डावीकडची दोन्ही दारं चौकटीत रुतली होती. उजवीकडचं मागचं दार तर आम्हीच बंद करायला लावलेलं.

खाजामियाँ आपल्या दारानं उतरले, पाण्यातून वळसा घालून डावीकडे आले आणि मागच्या दाराची मूठ धरून ओढू लागले. काचेबाहेर त्यांचा चेहरा होता. त्यांना आम्ही दिसत नव्हतो, असं मला वाटलं. "आलो, आलो," एवढंच ते म्हणत होते. मूठ तुटून हातात आली, तेव्हा ते पत्र्याच्या कडेत बोटं घालून ओढू लागले. बोटांतून रक्त येत होतं.

निकिता रडत होती. अलिजानं आजोबांकडे पाहत काच वाजवली. "दादा! अवो दादा, तुमचं दार उघडंच हाय की! आमी तिकडनं येतो!"

त्यांनी ऐकलं नाही. मग मी भानावर आलो. मुलांना एकेक करून पुढच्या सीटवरून ओढलं आणि चालकाच्या दारानं बाहेर काढलं. पाणी गुडघ्याच्या खाली होतं, हे उतरल्यावर कळलं. आत बसलेलं असताना ते गळ्याशी आल्यासारखं वाटलं होतं. तिघं काठावर पोचली, तरी खाजामियाँ रिकाम्या जीपचं दार ओढत होते. अलिजा परत पाण्यात गेली आणि त्यांचा हात धरून त्यांना घेऊन आली.

ट्रॅक्टरनं जीप ओढून घरी आणली आणि खाजामियाँनी तिच्यावर ताडपत्री टाकली. मुलांची शाळा बंद पडली. बाराव्या दिवशी मी वस्तीवर गेलो.

"इकून टाकतो," ते म्हणाले. "दिवाळीनंतर वढा उतरंल, मग जाईल चालत."

"दिवाळीपर्यंत पोरगी भाकऱ्या थापंल का?" बेगमबी आतून म्हणाल्या. "दगडाला भ्यायचं सोडून पोरीच्या शाळंला भ्यायलेत!"

रविवारी सकाळी अलिजा ताडपत्री घडी घालून जीपमध्ये जाऊन बसली. खाजामियाँनी दोनदा उतर म्हणून सांगितलं. मग एक दोर घेतला, पहारीनं उचकटल्यापासून न लागणारी डावीकडची दारं बांधली आणि गाडी चालू केली. वाटेत गावातून मला घेऊन ते कलीमकडे आले.

कलीमनं पत्रा सरळ केला, चौकोनी पाइप लावला. मागचं बंद दारही त्यानं मोकळं केलं आणि फक्त बाहेरून उघडेल अशी कडी बसवली. त्यासाठी शाळेची परवानगी मी वस्तीवरून परतल्यावरच लेखी घेऊन ठेवली होती. चढायला त्यानं एक लाकडी स्टूल दिलं. मग पाइपाखाली जॅक लावून डावी दोन्ही चाकं जमिनीवरून उचलली. जॅक निसटला तर म्हणून चाकांखाली ठोकळे सरकवले.

"आता सगळं वजन पाइपावर हाय, चाचा. उघडून बघा."

खाजामियाँ जागचे हलले नाहीत. तेवढ्यात अलिजा दुसऱ्या बाजूनं आत शिरली, डाव्या दाराशी बसली आणि तिनं दार ओढून लावून घेतलं.

"बाहेर ये," खाजामियाँचा आवाज फाटला. "अलिजा, बाहेर ये!"

"तुमी उघडा."

खाजामियाँ दोन पावलं पुढे झाले. बोटांच्या पट्ट्या अजून निघालेल्या नव्हत्या. त्यांनी नव्या मुठीवर हात ठेवला. डोळे मिटून त्यांनी दोन्ही पायांवर जोर घेतला आणि सगळं अंग मागे टाकून दार ओढलं.

दार इतकं सहज उघडलं की ते मागे कलीमवर जाऊन आदळले.

ते सावरले. दार लावलं, उघडलं. पुन्हा लावलं, पुन्हा उघडलं. चौथ्यांदा लावायला गेले, तेव्हा अलिजानं दाराच्या फटीत दप्तर आडवं धरलं.

"बास की, दादा. उद्या शाळा हाय."