जरीची एरियल

रात्रीच्या वादळात एरियलचा बांबू आडवा झाला होता. त्याची तार मिलच्या विजेच्या लाईनवर पडून जळाली होती. चिटणीससाहेब अंगणात उभे राहून त्या काळ्या तुकड्यांकडं बघत होते.

"गणपत, सहाला मुंबई बोलणार. त्याआधी काहीतरी वर चढव."

"काय चढवू साहेब?"

"काहीही."

गणपत म्हणजे मी. तेव्हा सोलापुरात एका कापड गिरणीत वायरमन होतो. शाळा दुसरीपर्यंत, पुढचं सगळं हातानं शिकलो. चिटणीससाहेब आमचे इलेक्ट्रिक इंजिनियर. मुंबईचा माणूस, स्वभावानं बरा. त्यांना वायरलेसचा नाद. बंगल्यावर स्वतः जुळवलेला सेट होता, सरकारी लायसन होतं. मुंबईत त्यांचा एक दोस्त होता, त्यालाही हाच नाद. दोघं संध्याकाळी कट्ट-कडकट्ट करून एकमेकांशी बोलायचे. तोंडानं नाही, मोर्सनं. आखूड ठोका, लांब ठोका, त्याची अक्षरं. एरियल म्हणजे ते हवेतलं बोलणं पकडणारी उंच तार. ती नसली की सेट म्हणजे नुसता डबा.

एरवी एक दिवस डबा राहिला असता तरी चाललं असतं. पण बाईसाहेब मुंबईला दवाखान्यात होत्या. पोटाचं ऑपरेशन. आदल्या दिवशी तार आली, "उद्या सकाळी करतात." मग रात्री वादळ झालं. तारेचे खांब पडले, रुळाखालचा भराव वाहून गेला. पोस्टातला बाबू म्हणाला, लाईन कधी सुरू होईल सांगता येत नाही. सकाळ गेली, दुपार गेली. ऑपरेशन झालं असणार. बाई जगली की नाही, हे सोलापुरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

मिलला सुट्टी होती. स्टोअरकीपर किल्ल्या घेऊन बार्शीला लग्नाला गेलेला. बाजारात तांब्याच्या घागरी मिळत होत्या, तार नाही. बंगल्याची वायरिंग उपटावी तर सेटही त्याच विजेवर चालायचा.

आधी मी छपराच्या पत्र्याला तारेचा उरलासुरला तुकडा जोडून पाहिला. साहेबांनी हेडफोन कानाला लावला आणि नाही म्हणून मान हलवली. पत्रा भिंतीला टेकलेला, ओला, येईल ते जमिनीत उतरत होतं. मग गोडाऊनमागं गाठोड्यांच्या लोखंडी पट्ट्या पडल्या होत्या त्या आणल्या. कापडाची गाठोडी आवळायच्या पट्ट्या असतात ना, त्या. टोकाला टोक वळवून दोन बांबूंवर चढवल्या. वारा आला की सेटमध्ये ज्वारीच्या लाह्या फुटाव्यात तसा आवाज. जोड गंजके होते. त्यात मुंबई काय ऐकू येणार. वरून वजनानं बांबू वाकला तो वेगळाच.

साहेबांनी पट्ट्या काढायला लावल्या. घड्याळ काढून बघितलं, खिशात घातलं, परत काढलं. दाढी केलेली नव्हती. मला म्हणाले, "तुझ्या घरी काही आहे का रे?"

माझ्या घरी काय असणार. पण मी गेलो.

आता नाव घ्यायला हरकत नाही. माझी बायको कृष्णाबाई. ह्या दिवाळीच्या आधी गेली. तेव्हा ती घरी बसून शेजारच्या व्यंकय्याच्या हातमागासाठी सुताच्या कांड्या भरायची. साडीच्या काठासाठी त्यानं दिलेली जर तिच्यापुढं होती. जर म्हणजे रेशमाच्या धाग्यावर गुंडाळलेली चांदीची बारीक तार, वर सोन्याचं पाणी. मी तिकडं बघत उभा राहिलो.

"काय बगताय?"

मी सांगितलं.

"ह्यातनं मुंबईचं ऐकू येतंय?"

"येईल असं वाटतंय."

"व्यंकय्या बोंब मारंल की."

"मग राहू दे."

"राहू दे कसं? ती बाई मरून पडली का जगली, नवऱ्याला कळाय नको?" असं म्हणून तिनं रीळ उचललं. "व्यंकय्याला मी सांगते उद्या. तुमी पुढं व्हा."

बंगल्याच्या ओट्यावर बसून तिनं चार पदर एकत्र पिळले. जिथं पदर संपला तिथं विणकराची गाठ, बारीक, ओढली की घट्ट होणारी. सोड्याच्या फुटक्या बाटल्यांच्या माना मी दोन्ही टोकांना बांधल्या, म्हणजे बांबूतून करंट उतरत नाही. आम्ही ती वर ओढली. उन्हात एवढी चमकली की रस्त्यावरचे लोक थांबून बघायला लागले. एकजण म्हणाला, "साहेबाच्या घरी लगीन हाय का?"

सेटमध्ये काहीच नाही. लाह्यासुद्धा नाहीत.

साहेबांनी जर खाली घ्यायला लावली. बॅटरीचा छोटा बल्ब घेऊन तुकडा तुकडा तपासला. नुसत्या तुकड्यावर बल्ब लागायचा. गाठ मध्ये आली की विझायचा.

"गाठीला काय लावलंय?"

कृष्णाबाई म्हणाली, "खळ. गाठ सुटू नये म्हणून समदेच लावत्यात. बोटाला होतीच माझ्या."

खळ म्हणजे सुताला लावायची पिठाची पेज. बांधायच्या आधीच टोकाला लावलेली, गाठीत वाळून बसलेली. धाग्याला ती पाहिजेच. पण चांदीला चांदी टेकायच्या ऐवजी मध्ये पीठ आलं होतं.

साहेब रागावले नाहीत. "बाई, सगळ्या गाठी परत. कोरड्या," एवढंच म्हणाले.

तिनं एकेक गाठ दातानं तोडली, टोकं पदरानं पुसली, नखानं खरवडली आणि पुन्हा बांधली. मी टोकं धरत होतो. साहेब आत जायचे, बाहेर यायचे. जर परत वर गेली तेव्हा सहा वाजून गेले होते.

साहेब हेडफोन लावून बसले. आम्ही दारात. त्यांनी एकदम हात वर केला, गप्प राहा म्हणून. पेन्सिल चालायला लागली. मला मोर्स येत नव्हतं आणि इंग्रजीही नाही. पेन्सिल चालते की थांबते एवढंच मी बघत होतो. ती थांबली.

"ऑपरेशन झालं म्हणतोय. अजून शुद्ध नाही. दवाखान्यातून निरोप आला की पुढचं सांगतो. विचारतोय, ऐकतोस का."

त्यांचा हात ठोके द्यायच्या चावीकडं गेला.

मी म्हणालो, "साहेब, थांबा. ऐकायला करंट लागत नाही. बोलायला लागतो. एवढी बारीक जर त्याला टिकायची नाही."

"अरे, त्याला कळायला नको का मी आहे म्हणून? बंद करून गेला तर?"

हेही खरंच होतं. कृष्णाबाई दारातून म्हणाली, "साहेब, हात मागं घ्या. जळाली तर दुसरी न्हाय माझ्याकडं."

एवढ्या मोठ्या माणसाशी ती असं बोलली. मला वाटलं, गेली आपली नोकरी. साहेबांनी हात मांडीखाली दाबून धरला.

मग नुसतं बसणं. मधेमधे दोस्त ठोके द्यायचा. साहेब पुटपुटायचे, "ऐकतोस का, विचारतोय." परत शांत. असं किती वेळ चाललं, मला सांगता येणार नाही.

पेन्सिल पुन्हा चालली. साहेबांनी डोळे मिटले. मी कृष्णाबाईकडं बघितलं. तिनं पदर तोंडात धरला होता.

"शुद्धीवर आली," साहेब म्हणाले. "पाणी मागितलं."

आणि लगेच त्यांनी चावी दाबली. आता त्यांना कोण अडवणार. जळक्या रेशमाचा वास आला. पहिल्याच गाठीला जर तुटली आणि अंगणात पडली. डबा परत डबा झाला.

रेल्वे सुरू झाल्यावर दोस्ताचं पत्र आलं. त्याला आमच्याकडून एक ठोकाही पोचला नव्हता. तरी तो झोपायला जाईपर्यंत तेच सांगत राहिला होता, शुद्धीवर आली, पाणी मागितलं. व्यंकय्या आठवडाभर आमच्या दारावरून मान फिरवून गेला. साहेबांनी त्याला नवी जर आणून दिली तेव्हा बोलायला लागला.

पुढं मिलमध्ये टेलिफोन आला. लाईन खरखरायची, पलीकडून उत्तर यायचं नाही. बाकीचे हॅलो हॅलो करून ठेवून द्यायचे. मी निरोप सगळा सांगायचो, दोनदा सांगायचो, मगच ठेवायचो. हेडक्लार्क हसायचे. पण माझे निरोप बहुतेक पोचलेले असायचे.