उरलेल्या चिठ्ठ्या

आमच्या घरी वचनांची डबी होती. बिस्किटांचा चौकोनी पत्र्याचा डबा आणि त्यात देववचनांच्या चिठ्ठ्या, एकेक वचन लिहून घट्ट गुंडाळलेल्या. परीक्षा असो, प्रवास असो, कुणाचं स्थळ आलेलं असो. आधी प्रार्थना, मग डोळे मिटून एक चिठ्ठी काढायची आणि ती सांगेल तसं करायचं. शेजारच्या काकू गमतीने म्हणायच्या, "तुमच्यातही कौल लावतात की!" आई अशी भडकायची! ती नांदगावकडची. "कौल नाय तो," म्हणायची, "त्यातून देव बोलतो."

आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांना ही डबी मुळीच पसंत नव्हती. "देवाने डोकं कशाला दिलंय?" ते म्हणायचे. "तो काय तुम्हाला दोरी बांधून नाचवतो? निवडायला मोकळं सोडलंय त्याने, आणि निवडाल त्याचा जाबही तुम्हालाच द्यायचाय." आई त्यांना चहा द्यायची, सगळ्याला हो हो म्हणायची, आणि ते फाटकाबाहेर पडले की डबी पुन्हा कपाटावर.

मी तेव्हा शरणपूर रोडजवळच्या एका शाळेत शिकवत होते. धाकटी बहीण नर्सिंग करून एका दवाखान्यात लागली होती. वडील गेल्यावर वर्षभरात आईला अर्धांगाचा झटका आला आणि डावी बाजू गेली. उचलायला, बसवायला, कूस बदलायला सतत कुणीतरी लागायचं. आम्ही दोघी पाळ्या लावून ते करत होतो.

शहाण्णव सालच्या डिसेंबरात बहिणीला मस्कतच्या इस्पितळातून बोलावणं आलं. पोरगी नुसती हरखून गेली. त्याच दिवशी मेन रोडवरून निळी बॅग घेऊन आली, आणि ती पलंगाखाली सरकवताना मला म्हणाली, "बघ हं, अजून काही ठरलेलं नाही."

ठरलं होतं ते माझं. नागपूरच्या मुलाशी मेमध्ये लग्न. आईच्या आजारपणामुळे दोनदा तारीख पुढे गेली होती आणि मुलाकडच्यांनी आता स्पष्टच सांगितलं होतं की तिसऱ्यांदा थांबणार नाही. दोघींपैकी एकीला घरी राहावं लागणार, हे आम्हाला दोघींनाही दिसत होतं. पण बोलायचं कोणी? मी साळसूदपणे गप्प राहिले. शेवटी तीच म्हणाली, "ताई, रविवारी उपासनेहून आलो की डबी काढू. प्रभू जा म्हणाला तर जाईन. नाहीतर नाही."

शनिवारी दुपारी ती ड्युटीवर होती, आई झोपली होती. मी डबी खाली घेतली आणि एकेक चिठ्ठी उलगडून वाचायला बसले. जा म्हणणारी, वाटेत सोबत असेन म्हणणारी, नवा देश दाखवणारी, पाण्यातून पार नेणारी, असली प्रत्येक चिठ्ठी मी वेगळी काढली. धीर धरा, आहात तिथे राहा, आईबापांचा मान राखा, अशा तेवढ्या परत गुंडाळून आत ठेवल्या. काढलेल्या सगळ्या बंबात घातल्या. थंडी कडाक्याची होती, बंब दुपारी का पेटवला हे कुणी विचारलंही नाही.

खोटं कशाला बोलू, मला त्या वेळी पाप केल्यासारखं वाटलंच नाही. मी काही तिच्या हातात ठरलेली चिठ्ठी कोंबली नव्हती. डबीत अजून चाळीसेक चिठ्ठ्या होत्या, त्यातून देवाला हवी ती निवडायला तो मोकळा होता की! असं मी स्वतःला समजावलं. कपाळ माझं! देवाला मोकळीक देणारी मी कोण?

रविवारी आईच्या पलंगाशी बसून आम्ही प्रार्थना केली. बहिणीने डोळे मिटून हात घातला. चिठ्ठी निघाली ती आहे त्या भूमीत वस्ती करून राहण्याची. तिने ती दोनदा वाचली, मग आईला वाचून दाखवली. आईने उजवा हात तिच्या डोक्यावर ठेवला आणि रडली. बहीण नाही रडली. दुसऱ्या दिवशी तिने नकाराचं पत्र लिहिलं आणि निळ्या बॅगेत गोधड्या भरून ठेवल्या. मी मेमध्ये लग्न करून नागपूरला गेले.

आई पुढे अकरा वर्षं जगली. नाताळात मी चार दिवस यायची, येताना संत्री आणायची, बहिणीची कंबर दुखते म्हणून हळहळायची. तिला दोन-तीन स्थळं आली, पण आईसकट सून करून घेणार कोण? नंतर स्थळं यायची थांबली. केस पिकले, चष्मा लागला. मंडळीत मात्र सगळे तिचं कौतुक करायचे आणि मला म्हणायचे, तुमच्या आईचं भाग्य. मी मान डोलवायची.

आई गेली. वर्षाच्या स्मरणाच्या उपासनेला मी आले होते. लोक पांगल्यावर आम्ही दोघी स्वयंपाकघरात भांडी पुसत होतो, आणि मला राहवेना. मी तिला सगळं सांगून टाकलं. शनिवार, डबी, बंब, सगळं. ती शांतपणे पुसत राहिली. मग म्हणाली, "त्याच्या मनात असेल म्हणून तुझ्या हातून झालं."

"त्याच्या नाही गं, माझ्या मनात होतं!" मी ओरडलेच. "मला लग्न करायचं होतं! देवाला कशाला मध्ये आणतेस? शिव्या दे मला, रागाव तरी!"

तिने ताट खाली ठेवलं. "ताई, अकरा वर्षं मी तिची कूस बदलली. जीव अगदी नकोसा व्हायचा, तेव्हा म्हणायचे, प्रभूने ठेवलंय इथे. तेवढ्यावर मी उठायचे. आता तू सांगतेस तसं असेल, तर मी कुणासाठी राहिले? तुझ्यासाठी?"

तिचा आवाजही चढला नाही. खरं उत्तर अगदी ओठांवर होतं माझ्या. पण तिच्या तोंडाकडे बघून धीर झाला नाही.

"प्रभूनेच ठेवलं तुला," मी म्हणाले.

"हां," ती म्हणाली, आणि पुढचं ताट उचललं.

हल्ली मी दर नववर्षालाही माहेरी असते. त्या दिवशीच्या उपासनेत साक्षी होतात, देवाने आपल्यासाठी काय केलं ते एकेकजण उठून सांगतो. ती उभी राहते आणि प्रभूने एका वचनातून आपल्याला आईजवळ कसं थांबवलं ते सांगते. मंडळी आमेन म्हणते. ती मात्र उभीच राहते आणि वळून माझ्याकडे बघते. मी मोठ्याने आमेन म्हणते, मग ती खाली बसते.