चंचुपात्रातला चहा

खिल्लारे सर गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या हातात चहाचा कप होता. तो तसाच निवून गेला... सरांना सांगायची राहिलेली एक गोष्ट माझ्यापाशीच राहिली, एवढंच मनात आलं.

बोरीच्या शाळेत ते आम्हाला विज्ञान शिकवत. विद्यापीठाच्या नामांतराच्या वादाची वर्षं होती. जुन्या ओळखीची माणसंही समोरून दिसली की रस्ता बदलायची. सर बौद्ध, चुडाव्याकडचे. त्यांच्या हातचं काही खायचं-प्यायचं नाही, अशी माझ्या वडिलांची, दादांची सक्त ताकीद होती. त्यांच्याकडून शिकायला मात्र दादांची हरकत नव्हती.

आठवीत द्रवातून उष्णता कशी वाहते ते बघायचं होतं. पाण्यात टाकायचं जांभळं औषध शाळेत संपलेलं. सरांनी घरून चहापत्तीची पुडी आणली, स्वतः विकत आणलेल्या कोऱ्या चंचुपात्रात पाणी घेतलं आणि मधोमध खाली स्पिरिटचा दिवा लावला. पत्ती भिजून तळाला बसली होती. हळूहळू ती मधून वर यायला लागली, काठाशी गेली, कडेने खाली उतरली, पुन्हा वर. खालचं पाणी तापलं, हलकं झालं, म्हणून वर आलं, सर सांगत होते. वरचं थंड खाली गेलं, आता तेही तापेल. आम्ही माना वाकवून बघत राहिलो. पाणी असं हिंडतं हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

पाणी उकळल्यावर सरांनी त्यात साखर टाकली, घरून आणलेल्या चार कपांत गाळलं आणि पहिल्या बाकावरच्या आम्हा चौघींपुढे धरलं. पहिली मी. दादांचा चेहरा आठवला आणि तोंडातून निघून गेलं, "सर, उपास हाय माझा."

उपासाला चहा चालतो, हे वर्गातल्या बाकांनाही ठाऊक असेल! पण माझ्यामागोमाग तिघींचाही उपास निघाला. चारही कप सरांनी एकेक करून स्वतःच संपवले, विसळले आणि फळ्यावर आकृती काढायला वळले.

मला त्याची लाज वाटायला काही वर्षं जावी लागली. पुढे मीही शिक्षिका झाले आणि हा प्रयोग दरवर्षी चहापत्तीनेच केला. परभणीला सरांकडे गेले की ते दारातच विचारायचे, आज उपास न्हाई न्हवं, बाई? मग आम्ही दोघंही हसायचो. मी दोन-दोन कप चहा प्यायचे. त्या थट्टेआड माझी माफी मात्र दरवेळी लपून बसायची.

गेल्या आठवड्यात सरांच्या पत्नीला, काकूंना भेटायला गेले. ओट्यावर तेच चंचुपात्र होतं, तळाला तपकिरी डाग धरलेलं. सर रोज सकाळी जाळीवर ठेवून त्यातच चहा करायचे, पत्ती वर येईस्तोवर बघत उभे राहायचे, असं काकू सांगत होत्या. मग त्यांनी पाणी घेतलं आणि माझ्याकडे बघितलं.

"चहा टाकू? का उपास हाय?"

म्हणजे त्यांनाही ठाऊक होतं... त्या दिवशी माझा खरंच सोमवार होता.

"उपास हाय, काकू," मी म्हणाले. "पण चहा चालतो. तवाबी चालत होता."